गोदी बंद झाली, हत्ती चालू झाला : नांत शहराचा प्रकरण अभ्यास

आपल्याकडच्या युरोप सहलीच्या पत्रकात फ्रान्स म्हणजे पॅरिस. आयफेल मनोरा, सीन नदीतली बोटीची फेरी, मुलं बरोबर असतील तर डिस्नेलँड, आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता उरकला की बस स्वित्झर्लंडच्या वाटेला लागते. नांत हे नाव त्या पत्रकात शोधून सापडणार नाही. फ्रान्समधलं हे सहाव्या क्रमांकाचं शहर. वस्ती सव्वातीन लाखांच्या आसपास. ल्वार नदी अटलांटिकला मिळते तिथून पन्नासेक किलोमीटर आत, पॅरिसहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर. शाळेतला युरोपचा इतिहास ज्यांच्या लक्षात आहे त्यांना 1598 चा नांतचा जाहीरनामा आठवेल. चौथ्या हेन्रीने प्रोटेस्टंटांना आपला धर्म पाळायची मुभा दिली, ती त्यात. त्यापलीकडे फारसं काही आठवत नाही, आणि पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी खुद्द फ्रेंच माणसालाही आठवत नव्हतं.

आता उन्हाळ्यात इथल्या फूटपाथवर रंगवलेल्या एका हिरव्या रेघेमागून लोक डोकं खाली घालून चालत असतात, आणि बंद पडलेल्या गोदीत लाकडी हत्तीवर बसायला रांगा लागतात. हे पाहून स्पेनमधल्या बिल्बाओ शहराचं उदाहरण देण्याचा मोह होतो: एक भव्य संग्रहालय बांधलं की शहराचं नशीब फिरतं. नांतची गोष्ट तशी नाही. म्हणूनच ती जरा खोलात जाऊन पाहावीशी वाटते.

दाखवायला काय होतं?

अगदीच काही नव्हतं असं नाही. ब्रिटनी या वायव्य फ्रान्समधल्या प्रांताच्या ड्यूकांचा किल्ला आहे, गॉथिक कॅथेड्रल आहे, 1843 ची पोमरे नावाची तीन पातळ्यांची काचछताची बाजारगल्ली आहे. पण याच ल्वार नदीने वर गेलं की शाँबोर आणि शनोन्सोसारखे राजवाडे लागतात. जगभरचे पर्यटक तिकडेच पांगतात. नांतचा किल्ला त्यांच्यापुढे धाकट्या भावासारखा.

बरं, ब्रिटनीचं म्हणून स्वतःला विकावं, तर तेही सरळ नाही. ड्यूकांची राजधानी इथे होती, पण 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारने प्रदेशांची नवी आखणी केली तेव्हा नांत ब्रिटनीबाहेर गेलं आणि आजही कागदोपत्री बाहेरच आहे. कट्टर ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीचा माणूस हे मान्य करत नाही, भिंतींवर अधूनमधून तसं लिहूनही ठेवतो.

राहिलं पाणी. एकेकाळी नदीचे फाटे शहराच्या पोटातून जायचे, म्हणून 'पश्चिमेचं व्हेनिस' असं बिरुद होतं. 1926 ते 1946 या वीस वर्षांत ते फाटेच बुजवले. रेल्वे भूमिगत झाली, रस्ते रुंद झाले आणि बेटं बेटं राहिली नाहीत. फेदो बेट आजही नावाला बेट आहे. अठराव्या शतकातल्या जहाजमालकांची घरं तिथे रांगेने उभी आहेत, खालच्या वाळूमुळे थोडी कललेली, खिडक्यांवर दगडी मुखवटे कोरलेले. पण जिथे होड्या लागायच्या तिथून आता ट्राम जाते. नदीकाठच्या शहराने स्वतःची नदी झाकून टाकली, हा नांतचा पहिला घाव आणि तो स्वतःच करून घेतलेला.

दुसरा घाव 1987 चा. शहराच्या मध्याला लागून ल्वारमध्ये एक मोठं बेट आहे, पाचेक किलोमीटर लांब. त्याच्या पश्चिम टोकाला जहाजबांधणीच्या गोद्या होत्या. आसपास पिढ्यान्‌पिढ्या वेल्डर, सुतार, रिव्हेट ठोकणारे राहायचे. शेवटची गोदी द्युबिजों कंपनीची. तिथून 1986 मध्ये 'बुगँव्हिल' हे नौदलाचं जहाज पाण्यात उतरलं आणि पुढच्या वर्षी फाटक बंद झालं. मागे उरले घसरधक्के (जहाज पाण्यात सोडायचे उतार), लोखंडी छपरांच्या प्रचंड शेड, पिवळी क्रेन आणि बेकार माणसं.

एवढी मोक्याची जागा रिकामी पडली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे ते लगेच झालं नाही. बेटाच्या पुनर्रचनेचं काम नगररचनाकार अलेक्झांद्र शेमेतॉफ यांच्याकडे आलं ते 2000 मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी. त्यांचा आग्रह असा की आहे ते आधी नीट बघा, पाडायची घाई नको. शेड राहिल्या, घसरधक्के राहिले, क्रेन राहिली. जुन्या कामगारांनी या जागेची आठवण पुसू न देण्यासाठी आधीपासून नेट लावला होता. गोदीच्या जुन्या कचेरीत आज त्यांच्या कामाचं आणि हत्यारांचं दालन आहे.

आधी गावासाठी

पर्यटनाच्या अभ्यासात सहसा सुटते ती ही मधली दहा-पंधरा वर्षं. 1989 मध्ये समाजवादी पक्षाचे जाँ-मार्क एरो महापौर झाले आणि 2012 पर्यंत, देशाचे पंतप्रधान होईतो, त्याच खुर्चीवर होते. त्याच 1989 मध्ये वेगवान रेल्वे आली, आणि तुलूजहून रोयाल द ल्यूक्स ही रस्त्यावर खेळ करणारी नाटकमंडळी नांतमध्ये मुक्कामाला आली. रस्त्यावरचा खेळ म्हणजे चार माणसं आणि डफ असं समजू नये. हे लोक घराएवढ्या बाहुल्या चालवतात, शहराची वाहतूक दोन-तीन दिवस थांबवतात आणि तिकीट घेत नाहीत.

सांस्कृतिक कारभार जाँ ब्लेझ या माणसाकडे होता. त्यांनी 1990 मध्ये एक उत्सव सुरू केला. त्याचा बेत आकड्यांचा खेळ वाटावा असा: सहा वर्षं, सहा परकी शहरं, दर वर्षी सहा रात्री, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. पहिला मान बार्सेलोनाला. कार्यक्रम नाट्यगृहात न ठेवता गोदामांत, कारखान्यांत, बंद इमारतींत ठेवले. ज्या जागांना लोक वळसा घालून जायचे, तिथेच ते रात्रभर जागले. यात पर्यटक जवळजवळ कुणी नव्हतं. प्रेक्षक गावातलेच. माझ्या मते नांतची खरी गुंतवणूक ही होती. आपल्या पडीक इमारतींकडे बघायची सवय गावाला लागली.

त्यातली एक इमारत ल्यू बिस्किटांची. 1886 मध्ये इथेच लेफेव्र-युतील घराण्याने ते चौकोनी, दातेरी कडांचं लोण्याचं बिस्किट काढलं, ते अजून फ्रान्सभर चहा-कॉफीबरोबर खाल्लं जातं. किल्ल्याजवळचा जुना कारखाना पडून होता. वास्तुकार पात्रिक बूशाँ यांनी त्याला झकपक न करता, विटा-पत्रे दिसतील असाच ठेवून कलाकेंद्रात बदललं. 1999 च्या शेवटच्या रात्री ते उघडलं. उघडण्याआधी नांतकरांना सांगण्यात आलं होतं की शतकाची आठवण म्हणून जपावी अशी एक वस्तू आणून द्या. जवळपास बारा हजार वस्तू जमल्या. त्या डब्यांत बंद करून इमारतीतच एका दुहेरी भिंतीत ठेवल्या आहेत, आणि 1 जानेवारी 2100 रोजी काढायच्या आहेत. आत बारमध्ये बसून कॉफी पिता पिता ती भिंत बघता येते, डब्यांत काय आहे ते मात्र ठेवणाऱ्यालाच माहीत.

हत्ती आणि नानासाहेब

ज्यूल व्हर्न नांतचा, 1828 मध्ये फेदो बेटावर जन्मलेला. 2005 मध्ये त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा रोयाल द ल्यूक्सने एक मोठा खेळ बसवला: हिंदुस्थानचा कुणी सुलतान काळातून प्रवास करणाऱ्या हत्तीवर बसून शहराच्या भेटीला येतो. हत्ती कुठून आला? व्हर्नची 1880 ची एक कादंबरी आहे. तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थानभर फिरतो. काळ 1857 नंतरचा, आणि कादंबरीतला खलनायक आहे नानासाहेब पेशवे. व्हर्नने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. त्याचे नानासाहेब इंग्रजांच्या वर्तमानपत्रांतून आलेले आहेत, आणि मराठी वाचकाला ते गळी उतरणार नाहीत. पण नांतच्या गोदीत हत्तीच का, वाघ किंवा देवमासा पहिला का नाही, या प्रश्नाचा एक धागा असा नानासाहेबांच्या बिठूरपर्यंत येतो.

खेळातला हत्ती बनवणारे फ्रान्स्वा देलारोझिएर आणि त्यांचे सहकारी पिएर ओरेफिस यांनी मग शहरापुढे प्रस्ताव ठेवला: गोदीच्या रिकाम्या शेडमध्ये आमचा कारखाना काढू, यंत्रं लोकांसमोर बनवू आणि लोकांना त्यांवर बसवू. 2007 मध्ये ते सुरू झालं.

हत्ती 12 मीटर उंच आणि 21 मीटर लांब आहे, वजन 48 टन. पोलादाचा सांगाडा, वर लाकडाची कातडी, कान खऱ्या चामड्याचे. पाठीवर आणि पोटात मिळून पन्नासेक माणसं मावतात. शेडमधून तो बाहेर येतो तेव्हा आधी आवाज येतो, हायड्रॉलिकचा सुस्कारा आणि लाकडाची कुरकुर. मग सोंड डोलते, पापण्या मिटतात-उघडतात. चाल माणसाच्या चालीहून धिमी. बारकाईने पाहिलं तर कळतं की वजन पायांवर नाहीच. खाली चाकांचा गाडा आहे, पाय नुसते उचलल्यासारखे करतात. कुणी ते लपवायचा प्रयत्नही केलेला नाही. पिस्टन, नळ्या, चालवणारा माणूस, सगळं उघडं. पुढे पोरं उभी राहतात ती मुद्दामच, कारण सोंडेतून पाण्याचा फवारा येणार हे त्यांना माहीत असतं.

बाजूच्या कार्यशाळेवरून जाळीचा पूल आहे. त्यावरून खाली वेल्डिंग, सुतारकाम चालू असलेलं दिसतं. 2012 मध्ये समुद्री प्राण्यांचं तीन मजली, 25 मीटर उंच फिरतं चक्र आलं. त्यात खेकड्याच्या किंवा मोठ्या माशाच्या पोटात बसून तरफा आपणच हलवायच्या. हे थीमपार्क आहे का? तिकीट आहे, रांग आहे, दुकान आहे, म्हणजे आहेच. फरक इतकाच की इथे वस्तू बाहेरून मागवलेली नाही. ज्या शेडमध्ये पोलाद कापून जहाजं बनायची, त्याच शेडच्या छपराखाली पोलाद कापून हत्ती बनला. गोदीत गेलेली हजारो कामं त्यातून परत आली नाहीत, हेही खरं, आणि तसा दावा कुणी केला तर तो जाहिरातीचा भाग समजावा.

हिरवी रेघ

इथपर्यंत पर्यटन हा जोडधंदा होता. 2011 मध्ये तो धोरण झाला. पर्यटन कार्यालय, किल्ला आणि त्यातलं संग्रहालय, गोदीतली यंत्रं, नदीकाठच्या कलाकृती हे सगळं एका सार्वजनिक कंपनीखाली आणलं आणि सूत्रं ब्लेझ यांच्याकडे दिली. नेहमीच्या शहरात हे चार विभाग चार दिशांना तोंड करून बसतात. 2012 पासून दर उन्हाळ्यात ही कंपनी शहरभर कलाकृती मांडते, आणि त्यांना जोडणारी रेघ जमिनीवर रंगवलेली असते. रेघ शहरात शिरते, गल्लीबोळांतून, पायऱ्यांवरून, बागेतून, पुलावरून जाते. नकाशा नको, मार्गदर्शक नको, भाषा यायला नको. रंगाचे काही डबे एवढाच खर्च, असं म्हणता आलं असतं, पण दर वर्षी नव्या कलाकृतींना लागणारा पैसा करदात्यांचा आहे आणि त्यावरून गावात कुरबुर चालतेच.

हुशारीची गोष्ट अशी की त्यातल्या काही कलाकृती उन्हाळा संपल्यावर काढत नाहीत. दर वर्षी थोडी भर पडते. बूफे चौकात 2018 पासून फिलिप रामेत यांचा एक पुतळा आहे: सूट घातलेला गृहस्थ, एक पाय चौथऱ्यावर, दुसरा चौथऱ्याबाहेर हवेत. चेहरा बँकेत नोकरीला असल्यासारखा शांत. नाव 'एक पाऊल बाजूला टाकण्याची स्तुती'. भोवती उपाहारगृहांच्या खुर्च्या, खाली भेटायला थांबलेली पोरंपोरी. इतरत्र घोड्यावरच्या सेनापतीचा पुतळा जे काम करतो, ते इथे हा पाय घसरलेला कारकून करतो.

धक्क्यावरच्या काचा

रेघेवरून चालत फॉस धक्क्यावर आलं की पायाखाली काचेच्या चपट्या विटा दिसू लागतात. एकूण 2000. त्यांतल्या 1710 विटांवर एकेका जहाजाचं नाव आणि साल आहे. अठराव्या शतकात नांत हे फ्रान्समधलं गुलामांच्या व्यापाराचं सगळ्यात मोठं बंदर होतं. इथून सुटलेल्या जहाजांनी साडेपाच लाखांच्या आसपास आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली. फेदो बेटावरची ती कललेली देखणी घरं त्याच पैशाची, आणि रम-साखर घालून केला जाणारा इथला प्रसिद्ध केकही त्याच व्यापाराच्या पोटी आलेला.

यात आपल्या बाजूचाही एक धागा आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला जे सामान जायचं त्यात कापडाचा वाटा मोठा होता, आणि त्या कापडात हिंदुस्थानी सुती कापड. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाची विक्री 1730 च्या दशकापर्यंत नांतमध्येच व्हायची. आपण ज्याला चीट म्हणतो त्या छापील कापडाला फ्रेंचमध्ये नावच 'अँदियेन', म्हणजे हिंदुस्थानी. 1759 मध्ये देशात ते छापण्यावरची बंदी उठल्यावर त्याची नक्कल करणारे कारखाने नांतमध्ये निघाले. किल्ल्यातल्या संग्रहालयात हा सगळा हिशेब मांडलेला आहे.

हे मान्य करणं सोपं गेलं नाही. 1985 मध्ये, एरो येण्याआधी, या विषयावरच्या कार्यक्रमाला तेव्हाच्या नगरपालिकेने पैसे नाकारले होते. 1992 मध्ये किल्ल्यात मोठं प्रदर्शन भरलं आणि ते दोन वर्षं चाललं. 1998 मध्ये गुलामगिरी संपल्याच्या दीडशेव्या वर्षी धक्क्यावर बसवलेल्या पुतळ्याची मोडतोड झाली, तेव्हा कायमचं स्मारक हवं हे ठरलं. क्रिस्टॉफ वोडिच्को आणि ज्युलियन बॉन्डर यांनी रचलेलं ते स्मारक मार्च 2012 मध्ये खुलं झालं. वरच्या काचा पाहून खाली उतरलं की धक्क्याच्या पोटात लांबलचक बोळ आहे. एका अंगाला काचेवर कोरलेली वाक्यं, दुसऱ्या अंगाला खांबांमधून नदी. भरती असेल तर पाणी अगदी जवळ आलेलं असतं.

पलीकडच्या काठावर, बेटाच्या टोकाला दानिएल ब्युरेन आणि पात्रिक बूशाँ यांची 18 मोठी कडी रांगेने उभी आहेत, रात्री लाल-हिरवी-निळी उजळणारी. त्यांच्या मागे केळी पिकवायचं जुनं गोदाम, आता बार आणि उपाहारगृहांचं. दोन्ही एकमेकांच्या नजरेत आहेत. मौजेची जागा आणि शरमेची जागा एकाच रेघेवर ठेवायला धाडस लागतं. पर्यटन खात्यांत ते सहसा नसतं.

नदी परत मिळवताना

बुजवलेले फाटे काही उकरले नाहीत. त्याऐवजी शहराने नदीच्या खालच्या अंगाला, समुद्रापर्यंतच्या पट्ट्याकडे मोर्चा वळवला. 2007, 2009 आणि 2012 अशा तीन फेऱ्यांत मुखापर्यंतच्या दोन्ही काठांवर कलाकृती उभ्या राहिल्या. कुएरोंजवळ पाण्यातच एक तिरकं, अर्धं बुडाल्यासारखं घर आहे. अगदी टोकाला सँ-ब्रेव्हँच्या किनाऱ्यावर हुआंग योंग पिंग यांचा सापाचा महाकाय सांगाडा आहे, ओहोटीला उघडा पडणारा, भरतीला अर्धा बुडणारा. यामुळे पर्यटक शहरातच न तुंबता खाली पसरला.

मला स्वतःला याहून साधी गोष्ट जास्त परिणामकारक वाटते. शहरातून त्राँतमू या जुन्या खलाशांच्या वस्तीला नदी ओलांडून छोटी बोट जाते, आणि तिला ट्रामचंच तिकीट चालतं. एप्रिल 2021 पासून शनिवार-रविवारी नांतची जवळजवळ सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट आहे. त्यामुळे दोन्ही दिवस बोटीत बाजारची पिशवी घेतलेली बाई, सायकलवाला आणि पाहुणा एकाच बाकावर असतात. दहाएक मिनिटांत पलीकडे. रंगीत घरांच्या, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, काठावर मासे आणि गार मुस्कादे वाईन देणारी खाणावळ.

बगळ्यांचं झाड

हत्ती चालला, चक्र फिरलं, आता तिसरं काय? देलारोझिएर-ओरेफिस जोडीचं उत्तर बरीच वर्षं तयार होतं: 35 मीटर उंच पोलादी झाड, फांद्यांवरून माणसं चालतील, शेंड्यावर दोन यांत्रिक बगळे प्रवाशांना घेऊन घिरट्या घालतील. जागा ठरली बेटासमोरच्या काठावर, शाँतने भागातल्या जुन्या दगडखाणीत. अंदाज होता साडेतीन कोटी युरोंचा. तो चढत गेला, आणि आठ कोटींपर्यंत जाऊ शकतो असं दिसल्यावर सप्टेंबर 2022 मध्ये महापौर जोहाना रोलाँ यांनी प्रकल्प रद्द केला. त्याआधी वर्षानुवर्षं त्याच्या प्रतिकृतीची फांदी गोदीत लोकांना दाखवली जात होती.

हे अपयश कुणाचं, यावर नांतमध्ये अजून वाद होतो. मला त्यात एक सरळ फरक दिसतो. हत्ती बनला तेव्हा गावाला पर्यटक नको होते असं नाही, पण त्यांच्यावाचून अडलं नव्हतं. झाड मात्र सुरुवातीपासूनच 'पुढचं आकर्षण' म्हणून विकलं गेलं. त्याचा हिशेब तिकिटांवर आणि विमानांवर बसलेला होता. आणि विमानांचं तर इथे वेगळंच रामायण आहे. उत्तरेला नोत्र-दाम-दे-लांद इथे नवा विमानतळ बांधायचा बेत पन्नास वर्षं रखडला, शेतकरी आणि आंदोलकांनी जमीन धरून ठेवली, आणि जानेवारी 2018 मध्ये सरकारने तो सोडून दिला. त्यामुळे आजही विमानं जुन्या धावपट्टीसाठी शहराच्या डोक्यावरून उतरतात, आणि 2022 पासून मध्यरात्रीनंतर त्यांना निर्बंध आहेत. स्वस्त तिकिटांवर येणारा पाहुणा आणि खिडकी लावून झोपणारा नांतकर यांचं हित इथे एक नाही.

ज्या खाणीत झाड उगवायचं होतं तिथे 2019 मध्येच एक बाग झाली होती. दगडाच्या उभ्या भिंतीमुळे वारा अडतो, तोंड दक्षिणेला असल्याने ऊब राहते, म्हणून केळीसारखी उष्ण देशांतली झाडंही तिथे तग धरतात. भिंतीवरून पंचवीसेक मीटरचा धबधबा पडतो. बगळे आलेच नाहीत. रविवारी दुपारी डबे घेऊन आलेली कुटुंबं धबधब्याच्या तुषारांत बसलेली असतात. बागेला तिकीट नाही.